चालताना सांगितलेल्या गोष्टी

रियाधमधल्या ज्या खासगी हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे, ते आम्हाला आठवड्यातले काही दिवस पेशंटच्या घरी पाठवतं. बहुतेक घरं सौदी कुटुंबांची असतात. थोडी परदेशी लोकांच्या कंपाऊंडमधली. कंपाऊंडच्या फाटकावर गाडीखाली आरसा फिरवून तपासणी होते, आत गेलं की हिरवळ लागते, सायकलवर फिरणारी मुलं दिसतात. मला तिथे पहिली काही वर्षं फार अवघडल्यासारखं व्हायचं. बूट दाराबाहेर काढायचे की नाही हेसुद्धा कळायचं नाही.

अशाच एका घरी मला ते म्हातारे इंग्रज गृहस्थ भेटले. नव्वदीला टेकलेले होते. बायको गेल्यावर लेकीकडे राहायला आले होते. लेक इथल्या एका इंटरनॅशनल शाळेत शिकवायची, जावई इंजिनिअर होता. न्हाणीघरात घसरून त्यांचं डावीकडचं खुब्याजवळचं हाड मोडलं, आमच्याच हॉस्पिटलात आत सळई आणि स्क्रू घालून ते बसवलं, आणि पुढे चालायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या घडणीचा हात आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. अब्बा इथेच, रियाधच्या अल सुलै भागात, गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करत. त्यांच्या पाठीवर माझी पदवी उभी आहे, हे मी भाषणात बोलावं तसं म्हणत नाही, ती साधी वस्तुस्थिती आहे. तालुक्याच्या मराठी शाळेतल्या बाईंनी मला सुट्टीत बसवून इंग्रजी शिकवलं. त्या दोघांमुळे मी इथे गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र घालून येऊ शकलो. मोठ्या माणसाने सांगितलं की ते खरं मानायचं, आणि ज्याच्या घरात आपण काम करतो त्याला सगळं सांगायचं, ही शिकवणही मला त्याच घरातून आणि त्याच शाळेतून मिळाली.

पहिल्या दिवशी मी त्यांना "सर" म्हणालो.

"सर नको," ते म्हणाले. "सर म्हणणाऱ्यांनी मला एका क्लबातून हाकललं होतं."

मग काय म्हणायचं ते मला सुचेना. आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारता येत नाही. मी "अंकल" म्हणालो. ते हसले.

"धाकट्या भावाला विचारायला हवं, हा पुतण्या आला कुठून. तो तर गाव सोडून कुठे गेलाच नाही."

ते मला "पोरा" म्हणत. त्यांच्या त्या उत्तर इंग्लंडच्या उच्चारातलं अर्धं मला कळायचं नाही. लेक स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, "बाबा, हळू बोला." त्यावर ते म्हणायचे, "हळू बोललो तर त्याला कळेल, मग तो परत येणार नाही."

उभं राहायला लागले की ते बोलायला सुरुवात करत. वॉकरला हात घातले, डाव्या पायावर वजन टाकायची वेळ आली, की एखादी गोष्ट निघायची. अशी तुकड्यातुकड्याने मला त्यांची सगळी हकिकत कळली. ते रग्बी खेळायचे, त्या काळात, जेव्हा चामड्याचा चेंडू पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा.

मला रग्बीतलं काही कळत नव्हतं. माझ्या गावात कबड्डी होती आणि उन्हाळ्यात क्रिकेट. त्यांनी मला सांगितलं की इंग्लंडमध्ये रग्बी दोन प्रकारची. एक युनियन, पंधरा जणांची. ती खेळणाऱ्याने एक पैसाही घ्यायचा नाही. आणि दुसरी लीग, तेरा जणांची, उत्तरेच्या कोळसा आणि कापडाच्या गावांतली. तिथे सामन्यामागे मजुरी मिळायची. जिंकलं तर जास्त, हरलं तर कमी.

"आणि दोन्ही खेळायला काय हरकत?" मी विचारलं.

"पोरा, तू एकदा लीग खेळलास की युनियनवाले तुला आयुष्यभर घरात घेत नसत. खेळायचं राहू दे, क्लबच्या बारमध्ये उभं राहून एक पेलाही प्यायचा नाही."

"नातेवाईक असले तरी?"

"नातेवाईक असले तर जास्तच."

ते मूळचे नैर्ऋत्य इंग्लंडमधले. तिथे सगळं गाव युनियनचं. त्यांचे वडील त्या गावच्या क्लबात मैदान सांभाळायचे. शनिवारी पहाटे चुन्याने रेषा आखायचे. अंकल स्वतः मालगाडीचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, आणि शनिवारी त्या रेषांच्या आत विंगवर, म्हणजे अगदी कडेने, पळायचे. फार जोरात पळायचे, असं ते सांगायचे नाहीत. लेकीने सांगितलं.

एका वसंतात उत्तरेकडचा एक माणूस कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, ये, एक सामना खेळून बघ, आवडलं नाही तर परत जा. कुणाला कळणार नाही. कारण असे चाचपणीला आलेले खेळाडू खोट्या नावाने खेळवत. छापील कागदावर संघाची नावं असायची, त्यात यांच्या जागी "कोणी एक" असं लिहिलेलं होतं. ही पद्धतच होती, सगळ्यांना माहीत असलेली.

"मला वाटलं बघून यावं," ते म्हणाले. "आगगाडीचं भाडं त्यांनी दिलं होतं. मी उत्तरेला कधी गेलोच नव्हतो. एक सामना, रविवारी घरी परत, सोमवारी कामावर. मी दोन ट्राय केले." ट्राय म्हणजे चेंडू घेऊन पलीकडच्या रेषेपार जमिनीला टेकवणं. "दुसरा करताना मला कुठेतरी वाटलं, हे जरा जास्तच झालं."

सोमवारी संध्याकाळी क्लबच्या चिटणीसाने त्यांच्या वडिलांना बोलावून घेतलं. उत्तरेच्या गर्दीत कुणीतरी ओळखीचा होता. पळण्यावरून ओळखलं. क्लबच्या भिंतीवर गावच्या संघाचा फोटो होता, त्यात हे पहिल्या रांगेत बसलेले. तो त्याच आठवड्यात उतरवला. वडिलांना सांगितलं, तुम्ही कामावर राहा, पण मुलगा फाटकाच्या आत दिसता कामा नये. वडील कामावर राहिले. दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही लीगमध्ये जायचं ठरवलंच नव्हतं?" मी विचारलं.

"ठरवायला कुणी दिलं? मी बघायला गेलो होतो. परत आलो तर दार बंद. मग ज्या दारात उजेड होता तिकडे गेलो."

उत्तरेला ते बारा-तेरा हंगाम खेळले. आठवडाभर वीटभट्टीवर काम, शनिवारी सकाळची पाळी करून दुपारी सामना. नाक दोनदा मोडलं, गळ्याच्या हाडाला कायमचा उंचवटा आला. कुणी पडलं की एक माणूस बादली आणि स्पंज घेऊन पळत यायचा. थंडगार पाण्याचा स्पंज मानेवर पिळायचा आणि विचारायचा, ठीक? ठीक म्हणायचं. दुसरं उत्तर नव्हतं. बसलात तर पुढच्या शनिवारी तुमच्या जागी दुसरा. त्या बादलीवाल्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेल्या कवळ्या असायच्या, अर्ध्या संघाच्या. एकदा सामन्यानंतर अदलाबदल झाली आणि यांनी रात्रीचं जेवण दुसऱ्याच्या दातांनी केलं.

एकदा मोठ्या चषकाच्या उपांत्य सामन्यापर्यंत गेले, तिथे हरले. देशाच्या संघात त्यांना घेतलं नाही. एकदा राखीव म्हणून नाव आलं होतं, एवढंच. तिशी ओलांडल्यावर पाय मंद झाले. दुसरा क्लब त्यांना घ्यायला तयार होता, पण पहिला क्लब सोडेना. खेळाडूची नोंदणी क्लबाकडे असायची, त्यांनी सही केल्याशिवाय कुठे जाता येत नसे. हे सांगत असताना ते थांबले आणि म्हणाले, "तुम्ही लोक इथे काय म्हणता त्याला? ज्याच्या कागदावर तुम्ही राहता तो?"

"कफील."

"हां. तर क्लब माझा कफील होता. आता जावई आहे. माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात. म्हणजे मी आणि तू सारखेच."

"तुमचा कफील तुम्हाला रोज सकाळी चहा देतो, अंकल."

"वाईट देतो."

निवृत्त झाल्यावर त्यांनी पुष्कळ वर्षं तिथल्याच एका शाळेत देखभालीचं काम केलं. बॉयलर, कुंपण, मैदानाच्या रेषा. रेषा आखायचं काम वडिलांकडून आलेलं, असं म्हणाले.

त्यांचा धाकटा भाऊ गावीच राहिला. तोही विंगवरच खेळायचा, युनियन. थोरला उत्तरेला गेला तेव्हा तो अठरा-एकोणीसचा असेल, जिल्ह्याच्या संघात त्याची निवड होण्याची बोलणी चालली होती. त्याला सांगण्यात आलं की भावाबरोबर दिसलास तर तुझ्यावरही शिक्का बसेल. त्याने पत्रांना उत्तरं देणं बंद केलं. आईच्या अंत्यविधीला दोघं भेटले तेव्हा वडील हवामानाबद्दल बोलले आणि भाऊ त्याबद्दलही नाही. पुढे कित्येक वर्षांनी ती सगळी बंदी उठली, युनियनवालेही पैसे घेऊन खेळू लागले. पण तोवर दोघांना न बोलण्याची सवय झाली होती. "भांडण असतं तर मिटवलं असतं," ते म्हणाले. "सवय कशी मिटवणार?"

अंकलचं हाड मोडलं त्याच्या थोडं आधी त्या भावाचा फोन आला होता. तो आता त्या क्लबचा सगळ्यात जुना माणूस होता. हृदय कमजोर झालेलं. तो म्हणाला, तुझा फोटो अडगळीतून शोधून काढलाय. काच बदलली आहे. हंगामाच्या शेवटच्या सामन्याला परत भिंतीवर लावतोय. ये.

एवढंच. पण त्या एका फोनसाठी हे गृहस्थ पहिल्या आठवड्यापासून इतके झटून व्यायाम करत होते. क्लबच्या दारापुढे दगडी पायऱ्या आहेत. त्यांना त्या पायऱ्या आपल्या पायांनी चढायच्या होत्या, भावाच्या बरोबरीने. खुर्चीत बसून नाही. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मला बाकी काही शिकवू नकोस. पायऱ्या शिकव."

दोन महिने उत्तम गेले. आधी वॉकर, मग काठी. या काळात त्यांचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. मी पाय सरळ करायला सांगायचो, ते करायचे. दिवाणखान्यातून बागेपर्यंत आम्ही गप्प चालायचो. मला थोडं चुकल्यासारखं व्हायचं. त्यांच्या गोष्टींची मला चटक लागली होती, खरं सांगायचं तर. मी त्या घरी नेऊन मुलीला सांगायचो. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकते, मी मराठीत सांगतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. दातांच्या अदलाबदलीची गोष्ट तिने तीनदा सांगायला लावली.

मग जायची तारीख जवळ आली. तिकिटं काढून झाली. लेक बरोबर जाणार होती. आम्ही घरातल्या जिन्यावर पायऱ्यांचा सराव सुरू केला आणि गोष्टी परत आल्या. मला फार बरं वाटलं. मला वाटलं, माणूस आनंदात आहे, गावी निघालाय, म्हणून बोलतोय. मी उलट प्रश्न विचारून त्यांना आणखी बोलतं करायचो.

एका सकाळी ते जिन्याच्या मधल्या पायरीवर होते आणि वीटभट्टीच्या मुकादमाची गोष्ट सांगत होते. ती त्यांनी आदल्या खेपेला सांगितली होती. विसरले असतील म्हणून मी काही बोललो नाही. "मुकादम म्हणाला," असं म्हणून त्यांनी डावा पाय टेकवला. पुढच्या पायरीला उजवा टेकवला तेव्हा वाक्य थांबलं. मग परत डावा, आणि परत, "तर मुकादम म्हणाला." मी त्यांच्या मागे उभा होतो, एक हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर. मान पुढे करून चेहरा बघितला. वरच्या ओठावर घाम होता. एसी चालू असलेल्या घरात.

मला अब्बा आठवले. सुट्टीवर गावी यायचे तेव्हा जमिनीवर जेवायला बसलेले असताना उठायची वेळ आली की ते हमखास आईला काहीतरी विचारायचे. उद्या बाजार कधी भरतो, शेजारच्यांच्या गाईला काय झालं. आई उत्तर द्यायला लागायची आणि तेवढ्यात ते उठलेले असायचे. मी लहानपणी समजायचो की अब्बांना उठता उठताच गोष्टी सुचतात. पुढे कॉलेजात पाठीचा कणा शिकलो तेव्हा समजलं. आणि इथे आल्यावर तर असे कितीतरी पाहिले. कामावरून काढतील, पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का मारून मायदेशी परत पाठवतील या भीतीने गुडघा, पाठ, खांदा लपवणारे. एक जण शीळ घालतो, एक जण मला माझ्या पगाराबद्दल विचारतो. आपल्या लोकांची लपवायची कला मी नीट ओळखून होतो. पण सुस्थितीतला एक गोरा म्हातारा, ज्याला कामावरून काढणारं कुणी नाही, तोही हेच करत असेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यांत तो दुखत होतं म्हणून बोलत होता. मधे दुखायचं थांबलं म्हणून गप्प होता. आणि आता परत बोलत होता.

"अंकल, दुखतंय का?"

"ठीक आहे."

"मांडीत? जांघेत?"

"ठीक आहे म्हटलं ना, पोरा. चल, अजून एकदा."

मी त्यांना खाली आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात गेलो. लेक भाजी निवडत होती. मी तिला सांगितलं की मला शंका आहे, एक्स-रे काढायला हवा. तिने हातातलं तसंच ठेवलं आणि नवऱ्याला फोन केला. नवऱ्याने हॉस्पिटलला फोन केला. दुपारपर्यंत सगळं ठरलं होतं. ज्याच्या पायाबद्दल ठरत होतं तो दिवाणखान्यात पाणी पीत बसला होता.

एक्स-रेत आतला स्क्रू हाडाचा गोळा फोडून वर सरकलेला स्पष्ट दिसला. आमचे सर्जन इजिप्तचे, मोजकं बोलणारे. त्यांनी फिल्म उजेडात धरली, जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि म्हणाले, "प्रवास खलास. दुसरं ऑपरेशन." विमानात किंवा त्या दगडी पायऱ्यांवर तो सांधा पूर्ण निकामी झाला असता, हे त्यांनी लेकीला समजावून सांगितलं. ते बरोबर होतं. मला ते आजही बरोबर वाटतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात गेलो. लेक कॉफी आणायला खाली गेली होती.

"तू सांगितलंस," ते म्हणाले. रागावलेले दिसत नव्हते.

"अंकल, मी तुम्हाला विचारलं होतं. दोनदा. तुम्ही नाही म्हणालात."

"विचारलंस ते दुखतंय का. ते सगळेच विचारतात."

मी पलंगाला अडकवलेला त्यांचा तक्ता हातात घेतला.

"तुला आधी कळलं होतं. जिन्यावर. माझ्या तोंडाकडे बघितलंस तेव्हा."

"हो."

"मग खाली बसवून म्हणायचं होतंस, मला कळलंय. स्क्रू हललाय असं वाटतंय. गेलात तर पाय जाईल. मग मी ठरवलं असतं की पाय हवा की पायऱ्या."

"तुमच्या लेकीने जाऊ दिलं नसतं."

"ते माझं आणि तिचं भांडण झालं असतं. तेवढं तरी आमच्या घरातलं होतं." त्यांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "तू सरळ कफीलाकडे गेलास, पोरा."

मी उशी नीट केली, काहीतरी करायचं म्हणून. ती आधीच नीट होती.

हंगामाचा तो शेवटचा सामना आला तेव्हा ते ऑपरेशन होऊन घरी आलेले होते, पलंगावर. मी व्यायामासाठी गेलो होतो आणि नेमकी तीच वेळ निघाली, म्हणून लेकीने मला थांबवून घेतलं. तिने फोन त्यांच्यासमोर धरला. पलीकडे भाऊ होता. बारीक, टोपी घातलेला, यांच्याच नाकाचा, फक्त न मोडलेल्या. मागे पुष्कळ माणसांचा आवाज.

"ऐकू येतंय का?" भाऊ ओरडला.

"मी बहिरा नाही. पाय मोडलाय."

"बघ. लावला." भावाने फोन भिंतीकडे फिरवला. फोटोच्या नव्या काचेवर दिव्याचा प्रकाश पडला होता. पडद्यावर नुसता एक पांढरा चौकोन होता आणि भावाच्या हाताबरोबर तो हलत होता. "दिसतोय का? पहिल्या रांगेत. केस बघ तुझे."

"दिसतोय," अंकल म्हणाले.

मला त्यात कुणी दिसलं नाही. लेकीलाही नसावं.

"येतोस कधी मग?"

"बघतो. हे लोक सोडतील तेव्हा."

यावर भाऊ हसला आणि त्याला ठसका लागला. कुणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला. मग संपर्क तुटला.

त्यानंतर आमचे जे दिवस झाले त्यात त्यांनी मला एकही गोष्ट सांगितली नाही. वागायला पूर्वीसारखेच चांगले होते. सांगितलेला प्रत्येक व्यायाम करायचे. "दुखतंय का?" विचारलं की आता "थोडं" म्हणायचे, किंवा "आज नाही." खरं सांगत असतील. एखादा पेशंट जसा असायला हवा तसे ते झाले होते, आणि मला ते बघवायचं नाही. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "अंकल, माझी मुलगी विचारते, त्या दातांच्या गोष्टीत पुढे काय झालं?"

"काही नाही झालं," ते म्हणाले. "परत अदलाबदल केली."

भाऊ उन्हाळ्यात गेला. अंकल तेव्हा काठीवर घरातल्या घरात चालत होते. विमानाने जायला सर्जनने अजून परवानगी दिली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. आमच्याकडे अशा वेळी माणूस जाऊन नुसता बसतो, बोलत नाही, तसा बसलो. लेकीने चहा दिला. उठताना मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, एवढं मला पुरलं.

जावयाचं कॉन्ट्रॅक्ट शरदात संपलं आणि ते सगळे इंग्लंडला परत गेले. निघायच्या आधी लेकीने मला एक भारीपैकी घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. मी घेतलं नाही. तिला वाईट वाटलं. का घेत नाही ते मी सांगितलं नाही, कारण मला ते तेव्हा नीट शब्दांत मांडता आलं नसतं.

काही आठवड्यांनी तिने व्हॉट्सॲपवर एक लांब निरोप पाठवला. ती त्यांना गाडीने गावी घेऊन गेली होती. भावाच्या कबरीवर फुलं ठेवली. मग क्लबसमोर गाडी थांबवली. सामन्याचा दिवस नव्हता, पण आत दोन-तीन माणसं होती. ती बाहेर आली. तरुण मुलं, यांच्या नातवाच्या वयाची. त्यांना फोटो माहीत होता, नावही माहीत होतं. ती मुलं म्हणाली, चला, तुम्हाला खुर्चीत बसवून पायऱ्यांवरून आम्ही उचलून नेतो, काही त्रास नाही. अंकलनी त्यांचे आभार मानले. म्हणाले, ज्याने बोलावलं होतं तो आत असता तर उचलूनही आलो असतो. मग गाडीची काच वर केली आणि लेकीला निघायला सांगितलं.

तिने निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं की तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून बाबा आज चालू शकतात, आम्ही तुमचे कायम ऋणी आहोत. मी तो निरोप बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बघा, किती चांगली माणसं आहेत." मी हो म्हणालो. चांगली माणसं आहेतच.

पण मी त्या सकाळकडे परत परत जातो. स्क्रू सरकला होता आणि ते कुणाला तरी सांगणं भाग होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी उद्याही सांगेन. पण दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जायच्या आधी त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून मी बसायला हवं होतं. त्यांचं आयुष्य एकदा असंच ते नसलेल्या खोलीत ठरलं होतं, आणि ते त्यांनी मला सगळं सांगितलेलं होतं. मी बसलो असतो आणि म्हणालो असतो, अंकल, मला कळलंय, तर ते काय म्हणाले असते याचा मला अंदाज आहे. म्हणाले असते, तोंड बंद ठेव पोरा, मला जाऊ दे. मग मी तरीही लेकीकडे गेलो असतो, की त्यांचा हात धरून परत जिन्याकडे वळलो असतो, हे मी कितीही विचार केला तरी मला सांगता येत नाही.